रात्रीची किल्ली कुणाकडे असते?

मागच्या अंकात बाजारपेठेतल्या आगींवर दोन पानं लिहिली आणि शेवटी 'शंका असतील तर कळवा' असं सहज म्हणून गेलो. परवा संपादकांनी पिशवीच आणून दिली. तीन पोस्टकार्डं, बाकी सगळे व्हॉट्सअॅपवर आलेले मजकूर, छापून काढलेले. ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या अग्निशमन दलात मी फायरमन म्हणून लागलो, मग तांडेल झालो आणि स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तिथल्या दुकानदारांच्या चुका येणार आहेत आणि ती माणसं मला अजून चहा पाजतात.

आमची बेकरी आहे. चार कामगार आतच झोपतात, कारण पहाटे तीनला भट्टी पेटवावी लागते. रात्री शटरला बाहेरून कुलूप लावून मी घरी जातो. गेल्या वर्षी शेजारच्या दुकानात चोरी झाली, तेव्हापासून हे सुरू केलं. यात धोका आहे का?
– बेकरीमालक, सातारा जिल्हा

आहे. आणि तो तुम्हालाही दिसतोय, नाहीतर पत्र लिहायला बसला नसता.

पुण्यात कोंढव्याला 30 डिसेंबर 2016 च्या पहाटे एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. शटरला बाहेरून कुलूप होतं. अडीच वर्षं होत नाहीत तोच, 9 मे 2019 ला, पुण्याजवळच उरुळी देवाचीत कापडाच्या दुकानात पाच जण गेले. तेही आत झोपलेले, दार बाहेरून बंद. मधल्या काळात साकीनाक्याच्या खैरानी रोडवर 18 डिसेंबर 2017 ला फरसाणच्या गाळ्यात बारा कामगार गेले. वाळूज एमआयडीसीत 31 डिसेंबर 2023 ला हातमोज्यांच्या कारखान्यात सहा. या चारही आगी मध्यरात्र उलटल्यानंतर आणि उजाडायच्या आतल्या आहेत. चारही ठिकाणी माणसं कामाच्या जागीच झोपलेली होती.

धुराच्या वासानं जाग येते, असं सगळे धरून चालतात. झोपेत नाक काम करत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. माणूस गाढ झोपेतून आणखी गाढ झोपेत जातो. जाग आलीच तर तोवर डोळ्यांसमोर काळा पडदा असतो आणि हात दाराकडे जातो. ते दार बाहेरून बंद.

माझ्या नोकरीतली एक वर्दी, म्हणजे आगीचा निरोप, सांगतो. कपड्यांचं दुकान, पहाटेचे सव्वाचार. गाडीतून उतरलो तेव्हा शटर आतून कुणीतरी वाजवत होतं. मुठीनं नव्हे, काहीतरी लोखंडी घेऊन. कटरनं कुलूप तोडायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. पण शटर उठेना. तापल्यावर त्याच्या पट्ट्या वाकतात आणि बाजूच्या खाचेत बसतात, मग चार माणसं लटकली तरी ते हलत नाही. शेवटी कापलं. तोवर आतला आवाज थांबला होता. दोघांपैकी एक पोरगा वाचला. मालक दोन किलोमीटरवरून मोटरसायकलवर आला, शर्टाची बटणं उलटीसुलटी लावलेली, आणि उजव्या मुठीत किल्ली. पंचनामा होईपर्यंत त्यानं मूठ उघडली नाही.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. पहिला उपाय म्हणजे कामगारांना आत झोपवूच नका, जवळ एक खोली भाड्यानं घ्या. चार माणसांमागे तुमच्या हिशेबात ते बसतं, मी बेकऱ्या पाहिल्यात. ते जमेपर्यंत कुलूप आतून, तेही किल्ली न लागणारं, नुसती कडी किंवा सरकता बोल्ट. शटरला दिंडी करून घ्या. आपल्या जुन्या वाड्यांच्या दरवाजाला असायची तसं छोटं दार, फॅब्रिकेशनवाला एका दिवसात बसवून देतो. मागे दार असेल तर त्याच्यापुढची मैद्याची पोती आजच हलवा. पोटमाळ्यावर कुणी झोपायचं नाही, धूर आधी वर जातो. झोपायची जागा दाराजवळ, भट्टी आणि तुपाचे डबे यांच्या पलीकडे नाही. बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म छताला लावा, तो भोंग्यासारखा ओरडतो.

आणि चोर? त्यासाठी कॅमेरा आहे, शटरचा अलार्म आहे, चोरीचा विमा आहे. चोर बिस्किटं नेईल.

दुकानात आग विझवायचे दोन लाल सिलिंडर चार वर्षांपूर्वी घेतले. वापरायची वेळ आली नाही. ते परत भरावे लागतात का? आणि खरं सांगायचं तर वापरायचे कसे हे आमच्याकडे कुणालाच येत नाही.
– साड्यांचे व्यापारी, इचलकरंजी

खरं सांगितलंत, बरं वाटलं. बहुतेक दुकानांत हीच गत असते, फक्त कबूल कोणी करत नाही.

सिलिंडरच्या डोक्यावर छोटं घड्याळ असतं. काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर दाब आहे. पण दाब असला म्हणजे झालं असं नाही. आतली पावडर वर्षानुवर्षं एका जागी बसून दगड होते, मग दाबल्यावर नुसती हवा येते. म्हणून महिन्यातून एकदा तो खाली उतरवून उलटासुलटा करायचा. वर्षातून एकदा परवानाधारक माणसाकडून तपासून घ्यायचा आणि त्याच्या चिठ्ठीवर तारीख लिहून घ्यायची. चार वर्षं हात लावला नसेल तर आता घरी तपासत बसू नका, थेट तपासणीला द्या, भरायचा की बदलायचा ते तो सांगेल. आयएसआयची खूण नसलेला सिलिंडर असेल तर तो भरण्यापेक्षा नवा घेतलेला बरा.

वापरायचं असं. पिन ओढायची. नळी आगीच्या बुडाकडे धरायची, ज्वाळेकडे नाही. दांडा दाबायचा आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे न्यायचं. सहा किलोचा सिलिंडर वीसेक सेकंदांत संपतो. लोकांना वाटतं पाच मिनिटं चालेल. उभं राहायचं ते दाराकडे पाठ करून, म्हणजे नाही जमलं तर मागे पाऊल टाकलं की बाहेर. आग कमरेपेक्षा उंच गेली असेल किंवा छताला धूर दाटला असेल, तर सिलिंडर उचलूच नका. साड्यांच्या गठ्ठ्याला लागलेली आग वरून विझली तरी घडीच्या आत धुमसत राहते. विझली म्हणून शटर ओढून घरी जाऊ नका, आम्हाला बोलवा.

विजेच्या पॅनेलसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. त्याचा काळा भोंगा हातात धरायचा नाही, वायू बाहेर पडताना तो इतका गार होतो की कातडी चिकटते. आमच्या एका नव्या पोरानं सरावातच धरला होता, आठ दिवस तळहाताला मलम.

तपासणीला गेलो असताना एका दुकानात पाहिलेली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिलिंडर चकचकीत पुसलेला, त्यावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. खंडेनवमीला तागडी, कात्री, मीटरपट्टी यांच्यासोबत त्याचीही पूजा केलेली. मला फार आवडलं. जवळ जाऊन बघतो तर माळ घसरू नये म्हणून तारेनं बांधलेली, आणि तार पिनेच्या कडीतून ओवलेली, वर चार पीळ. दसरा होऊन पाच महिने झाले होते. पक्कड मागवून सोडवली.

मी घरगुती खाणावळ चालवते, रोज दोनशे डबे. ओट्यावर तीन शेगड्या, कोपऱ्यात चार सिलिंडर. परवा पुऱ्या तळताना कढईतल्या तेलानं पेट घेतला. मदतीच्या मुलीनं पाण्याची कळशी उचलली, मी ओरडले म्हणून ती थांबली. बरोबर केलं का?
– एक वाचक, नाशिक

ताई, त्या मुलीचा जीव वाचवलात. तुमचाही.

पेटलेल्या तेलात पाणी पडलं की ते तेलापेक्षा जड म्हणून तळाशी जातं आणि तिथं क्षणात त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. मग कढईतलं सगळं पेटतं तेल वर उडतं, छतापर्यंत. एक तांब्या पुरतो.

करायचं ते एवढंच. शेगडीचा कॉक बंद. कढईपेक्षा मोठी परात किंवा सपाट झाकण बाजूनं सरकवत वर ठेवायचं, वरून आदळायचं नाही. आणि मग हात लावायचा नाही. उत्सुकतेपोटी पाच मिनिटांत झाकण उचलतात आणि हवा मिळाली की तेल पुन्हा भडकतं. पूर्ण गार होऊ द्या. कढई उचलून मोरीत नेण्याचा विचारही नको, अशी नेताना भाजलेली माणसं मी रुग्णवाहिकेत घातली आहेत. आग विझवायच्या लाल सिलिंडरचा फवारासुद्धा कढईवर जवळून मारू नका, जोरानं तेलच उडतं. ती मोठी परात शेगडीच्या हाताशी खिळ्याला टांगून ठेवा. रिकामी. तिच्यात कणीक भिजवायची नाही.

आता कोपऱ्यातले चार सिलिंडर. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते लाल असावेत असा माझा अंदाज. घरगुती 14.2 किलोची टाकी धंद्याला वापरायला परवानगी नाही, खाणावळीला 19 किलोची निळी व्यावसायिक टाकी लागते. महाग पडते हे मान्य. पण उद्या काही झालं तर विम्याचा माणूस पहिला फोटो टाकीच्या रंगाचा काढेल. जोडलेल्या टाक्यांखेरीज एकही टाकी स्वयंपाकघरात नको. बाकीच्या बाहेर, हवेशीर, उभ्या. आडवी टाकी कधीच नाही. नारंगी रंगाची आयएसआय नळी वापरा आणि तिच्यावर छापलेली तारीख वाचा, पाच वर्षांपुढे ठेवायची नसते.

हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, ओट्याखाली साठतो, मोरीत उतरतो. म्हणून वरची खिडकी उघडी आहे या भरवशावर राहू नका, खाली दाराशी फट हवी. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं उघडी, माणसं बाहेर. दिव्याचं बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्हीकडे पडते. फ्रिज आपलाआपण चालू-बंद होतो त्याचीही पडते. मेन स्विच खोलीबाहेर असेल तर तो पाडा, आत असेल तर राहू द्या. मग बाहेर येऊन 1906 ला फोन करा, गॅसगळतीसाठी तो नंबर रात्रंदिवस चालू असतो.

नळीच्या तोंडाशी ज्योत पेटली असेल तर आधी ज्योत विझवायची नाही, आधी गॅस तोडायचा. ज्योत विझली आणि गॅस येतच राहिला तर तो खोलीभर साठेल आणि मग जे पेटेल ते तुमच्या आवाक्यातलं नसेल.

आणि मुलींना ओढणी कमरेला खोचायला सांगा. सुती असेल तर आणखी चांगलं. नायलॉन अंगाला चिकटून जळतं.

आग लागली की पेपरात 'शॉर्टसर्किट' छापून येतं. आमच्या दुकानात सगळीकडे एमसीबी आहेत. म्हणजे आम्ही सुरक्षित ना?
– स्टेशनरी व झेरॉक्सचे दुकान, लातूर

'शॉर्टसर्किट' हा शब्द आमच्या खात्यानंही फार स्वस्त करून ठेवला. कारण सापडलं नाही की तोच लिहायचा. वायर जळालेली असते हे खरं, पण वायरीमुळे आग लागली की आगीमुळे वायर जळाली, ते राखेतून सांगणं सोपं नसतं.

एमसीबी म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच. तो पडतो दोन कारणांनी: फार जास्त करंट ओढला किंवा दोन तारा एकमेकींना भिडल्या तर. ढिल्या जोडावर तो पडत नाही. सॉकेटातला स्क्रू सैल आहे, त्यातून नेहमीचाच करंट जातोय, पण तेवढ्या एका बिंदूवर उष्णता साठतेय. एमसीबीला त्यातलं काही कळत नाही. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग मासळीसारखा वास येतो, मग धूर.

झेरॉक्स मशीन तासभर चाललं की त्याच्या प्लगला बोटांची मागची बाजू लावून बघा. कोमट ठीक. चटका बसला तर आजच इलेक्ट्रिशियन. तीन पिनांच्या एक्स्टेंशनमधून दुसरं एक्स्टेंशन, त्यातून तिसरं, ही मालगाडी बंद करा. एसी बसवताना पंख्याच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर जोडून देणारे महाभाग आहेत. एसीला वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी लागतो. आणि वारंवार पडतो म्हणून मोठा एमसीबी टाकून घेणारे तुम्ही नसाल अशी आशा करतो. तो बिचारा ओरडून सांगत असतो, आपण त्याचं तोंड दाबतो.

रात्री दुकान वाढवताना मेन बंद करून जा. कॅमेऱ्याची आणि फ्रिजची लाइन वेगळी काढून घेतली की ते जमतं. देवापुढची अगरबत्ती आणि निरांजन, तेवढं शांत करून. कागदाचं दुकान आहे तुमचं.

आमच्या व्यापारी संकुलात 'फॉर्म बी' आणा म्हणून नोटीस आली आहे. हे काय असतं?
– गाळेधारक, ठाणे

महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्यात मालकावर किंवा वापरणाऱ्यावर आहे, अग्निशमन दलावर नाही. यंत्रणा चालू आहे असा दाखला शासनाचा परवाना असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घेऊन दलाकडे द्यायचा असतो. तोच फॉर्म बी.

एजन्सीचा माणूस आला की त्याच्याबरोबर गच्चीपर्यंत जा. पंप चालू करायला लावा, होजचा नळ सोडून पाणी बघा. खुर्चीत बसून सही-शिक्का घेतलेले फॉर्म मी पाहिलेत, आणि त्याच इमारतीच्या होजबॉक्समध्ये झाडू, फिनेलची बाटली आणि वॉचमनचा डबा.

खाली आमचं जनरल स्टोअर्स, वर आम्ही सात माणसं राहतो. जिना दुकानातूनच आहे. मुलानं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, ती रात्री दुकानात चार्जिंगला लावतो. बायको रोज कटकट करते. तिचं बरोबर आहे की माझं?
– दुकानदार, परभणी

वहिनींचं.

छत्रपती संभाजीनगरात छावणी भागात 3 एप्रिल 2024 च्या पहाटे खाली कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर झोपलेल्या एका कुटुंबातले सात जण गुदमरून गेले. आगीची झळ त्यांच्यापर्यंत पोचलीही नव्हती असं म्हणतात, धूर पोचला. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत, खाली दुकान आणि वर घर, पुन्हा सात. त्याआधी 30 ऑगस्ट 2023 ला पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला हार्डवेअरच्या दुकानात राहणारे चौघे. कारणं वेगवेगळी असतील, पण घराचा नकाशा तुमच्याच घराचा.

तुमचा जिना म्हणजे चुलीवरचं धुराडं आहे. खाली पेटलं की सगळा धूर त्याच वाटेनं वर येणार, आणि तुम्हाला खाली उतरायचं ते त्याच वाटेनं. त्या जिन्याच्या पायथ्याशी तुमचा मुलगा रात्रभर बॅटरी तापवतो.

स्कूटरवर माझा राग नाही, माझ्या पुतण्याकडेही आहे. लिथियमची बॅटरी बिघडली की ती मिनिटाच्या आत पेटते, विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते आणि तिचा धूर विषारी असतो. म्हणून ती बाहेर, ओसरीत, उघड्यावर चार्ज करायची, दिवसा, कुणीतरी जागं असताना. कंपनीच्याच चार्जरनं. पाण्यात बुडालेली किंवा आपटलेली बॅटरी घरात आणायचीच नाही.

मग वाट. जिन्याच्या तोंडाशी चांगलं घट्ट बसणारं लाकडी दार करा आणि ते रात्री लावून झोपा. नुसत्या बंद दारानं धूर बराच वेळ थोपतो. बाहेरून दुसरा लोखंडी जिना बसवता आला तर उत्तम. नाहीतर गच्चीकडे जायची वाट मोकळी ठेवा आणि गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली दाराशेजारीच खिळ्याला, सगळ्यांच्या हाताला येईल अशी. खिडक्यांना चोरांच्या भीतीनं जी ग्रिल लावता, त्यातल्या एका तरी ग्रिलला आतून उघडणारं दार हवं. खाली एक आणि वर एक असे धुराचे अलार्म.

मी घरी एक खेळ केला होता. नातवंडांचे डोळे रुमालानं बांधले आणि अंथरुणापासून गच्चीपर्यंत रांगत जायला सांगितलं. रांगत अशासाठी, की धूर वर असतो आणि श्वास घेण्यासारखी हवा जमिनीलगत वीतभर उरते. पोरं हसत हसत पोचली. मी स्वतः केलं तेव्हा शिलाई मशीनला गुडघा आपटला आणि उजवीकडे वळायचं ते डावीकडे वळून संडासात गेलो. हसू नका. मुंबईत कमला मिलच्या आगीत 29 डिसेंबर 2017 ला चौदा जण गेले, त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले. अंधारात आणि धुरात माणूस जे दार हाताला लागेल त्यात शिरतो. दुसऱ्या दिवशी मी मशीन हलवली.

आगीचा विमा उतरवावा का? आमचं दुकान छोटं आहे.
– कटलरी विक्रेते, अकोला

उतरवा. एका जागेवरची मालमत्ता आणि माल मिळून पाच कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या साधारण विमा कंपन्या देतात. रक्कम लिहिताना दिवाळीतला माल धरा, आषाढातला नाही. कमी रकमेचा विमा काढला तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाते. दर महिन्याला दुकानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, खरेदीची बिलं फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. वह्या दुकानातच जळतात, मग काय होतं नि काय नव्हतं हे सांगायला तोंडच उरतं.

आमच्या पेठेत सत्तर-ऐंशी दुकानं आहेत, गल्ल्या अरुंद, बंब आत येत नाही. सभासद म्हणतात, सराव वगैरे करून गिऱ्हाईक घाबरवू नका. काय करावं?
– व्यापारी मंडळाचे सचिव, अहिल्यानगर जिल्हा

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी करा, गिऱ्हाईक नसतंच. 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944 ला 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात 66 अग्निशामक गेले, त्यांच्या आठवणीत. त्या आठवड्यात दलाची माणसं बोलावलं तर हटकून येतात, पैसे लागत नाहीत, चहा मात्र द्या.

त्यांना गल्लीत चालवत न्या. बंब कुठपर्यंत येतो, तिथून किती होज लागतील, पाणी कोणत्या विहिरीतून किंवा टाकीतून मिळेल, हे त्यांच्याबरोबर चालूनच कळतं. दुकानांपुढची ताडपत्री, लाकडी फळ्या आणि वाकडी लावलेली मोटरसायकल यांच्यामुळे गाडी जिथं अडते तिथं रस्त्यावर चुन्यानं खूण करा. वाद होतील. होऊ द्या.

प्रत्येक दुकानात चार कामं चार माणसांत वाटायची. एकानं मेन पाडायचा. एकानं 101 ला फोन, लागला नाही तर 112 ला. एकानं गिऱ्हाइकांना बाहेर काढायचं. एकानं बाहेर ठरलेल्या जागी उभं राहून माणसं मोजायची. दोनच माणसांचं दुकान असेल तर शेजाऱ्याशी वाटून घ्या. गल्ला, वह्या, माल यांतलं काही उचलायला परत आत जायचं नाही, हे मालकालाही लागू.

फोनवर काय सांगायचं तेही घोकून घ्या. आम्हाला वर्दी यायची ती 'लवकर या, मोठी आग लागलीय' आणि फोन बंद. एकदा एकानं पत्ता सांगितला, 'मारुतीच्या देवळाजवळ.' आमच्या शहरात मारुतीची नऊ देवळं. गाडीला आग तिसऱ्या मारुतीला सापडली. पेठेचं नाव, जवळची मोठी खूण, काय जळतंय, आत कुणी आहे का, गॅसची टाकी आहे का, आणि गल्लीच्या तोंडाशी एक माणूस हात करायला उभा. एवढं सांगून झाल्यावर समोरचा फोन ठेवेल तेव्हा आपण ठेवायचा.

पहिला सराव फसतोच. आमच्या पेठेतल्या एका धान्याच्या आडत दुकानात घेतला होता, निवृत्तीनंतर, हौसेनं. शिट्टी वाजवली. दोघंजण चपला शोधत राहिले. मालक बाहेर आले आणि गल्ला उघडा राहिला म्हणून परत आत गेले. सगळे बाहेर यायला साडेसहा मिनिटं. दिवाणजींनी पिंपळाखाली उभं राहून मोजले, अकरा. मी म्हटलं, दुकानात किती असतात? म्हणाले, बारा. कुणाला काही आठवेना. शेवटी वरच्या गोदामात गेलो, तर एक पोरगा पोत्यांवर पाय पसरून, कानात हेडफोन घालून, पोती मोजत होता. त्याला शिट्टी ऐकूच आली नव्हती.

आता गोदामात भोंगा बसवलाय, जिन्याच्या वरच्या पायरीवर. आणि त्या पोराला सगळी पेठ 'बारावा' म्हणते.